दुसऱ्या मजल्यावरून सत्ताविसाव्या मजल्यास

शनिवार, १८ तारीख
दुपार, जेवणानंतर

चि. बबडीस आईचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तू कशी आहेस हे विचारायची रीत आहे, पण काल तुझ्याच टेबलावर जेवले तेव्हा बरी दिसलीस. आज सकाळी मात्र फोनवर ‘आई, मीटिंगमध्ये आहे’ एवढंच बोललीस, त्यात घसा बसल्यासारखा वाटला. गरम पाणी पीत जा. तुमच्या घरात सगळीकडे ते गार वारं सोडलेलं असतं, त्याने घसा जाणारच.

एकाच इमारतीतून एकाच इमारतीत पत्र लिहिते आहे म्हणून हसशील. जावईबापूंनाही वाचून दाखवशील. खुशाल हसा. पण तोंडी बोलायला गेले की काय होतं ते तुला माहीत आहे. माझं पहिलं वाक्य तू पुरं होऊ देत नाहीस, दुसऱ्याला तुझ्या डोळ्यांत पाणी उभं राहतं, आणि तिसरं वाक्य मी तुझी समजूत काढण्यात घालवते. भांडायला म्हणून आलेली मी तुलाच चहा करून देते आणि परत जाते. लहानपणापासून हे असंच चाललंय. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

मी रागावले आहे. आधी वाटलं होतं नुसतं वाईट वाटलंय, झोपले की जाईल. झोपले, उठले, गेलं नाही. उलट सकाळी असं काही झालं की तळपायाची आग मस्तकात गेली.

हे पत्र कुत्र्याबद्दल नाही, पोहण्याच्या तलावाबद्दलही नाही. मी कुठे राहायचं याबद्दल आहे. पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल, तेव्हा आधी कुत्र्याबद्दलच लिहिते. ते सोपं आहे.

तुमच्या त्या केसाळाच्या गळ्यात बिल्ला आहे, बघितलास? बघितलाच असशील, तूच बांधलास. त्यावर इमारतीचं चिन्ह, मजला, फ्लॅटचा आकडा, आणि खाली ‘रहिवासी’. काल लिफ्टमध्ये तो माझ्या पायाशी बसला होता आणि मी वरून तो बिल्ला वाचत होते. माझ्याही गळ्यात खालच्या काउंटरवरच्या मुलाने एक कार्ड अडकवलंय. त्यावर ‘पाहुणे’. त्याला दोष देत नाही, पोरगा गोड आहे, कार्ड देताना वाकून दिलं. पण बबडे, कुत्रा रहिवासी आणि मी पाहुणी, हे वाचायला मला चष्माही लागला नाही. त्याच्या बिल्ल्याने लिफ्ट वरपर्यंत जाते. माझ्या कार्डाने ती दुसऱ्या मजल्याच्या वर हलत नाही. जेवायला वर यायचं तर मी खालून फोन करायचा आणि तुमच्यापैकी कुणीतरी येऊन मला घेऊन जायचं. काल जावईबापू आले ते कुत्र्याला फिरवून परत जाताना. दोघांना एकदमच वर नेलं त्यांनी, म्हणजे खेप वाचली.

त्याच्यासाठी इथे धुण्याची वेगळी खोली आहे, कोमट पाण्याची तोटी आहे, केस वाळवायचं यंत्र आहे, आणि मागच्या गच्चीवर हिरवळ आहे जिथे माणसांनी बसायचं नाही. मला कुत्र्याचा राग नाही. तो बिचारा मला बघून शेपूट तरी हलवतो.

बरं. आता रविवारांबद्दल.

गेलं वर्षभर आपला प्रत्येक रविवार टॉवर बघण्यात गेला. तुम्ही दोघं गाडी घेऊन आपल्या धुलाईच्या दुकानापाशी यायचात, मी इस्त्रीवालीवर दुकान सोपवून धुतलेली साडी नेसून तयार. इस्त्रीवाली म्हणायची, बाई आज कुठल्या महालात? मीही फुशारकीने सांगायचे. खरं सांगते, मला मजा आली. ती थंडगार ऑफिसं, काचेच्या पेटीत ठेवलेली बुटकी इमारत, तिच्या अंगणात बोटाच्या पेराएवढी माणसं, सगळी तरुण, सगळी सडपातळ, एकही बसलेलं नाही. मग तो सिनेमा, संगीतासकट. मग विक्रीवाली मुलगी. कुठल्याही टॉवरात गेलो तरी तीच मुलगी असल्यासारखी वाटायची, कोटाची कॉलर हमखास चुकीच्या बाजूने इस्त्री केलेली. ती ‘घर’ हा शब्द चुकूनही उच्चारायची नाही. लाइफस्टाइल म्हणायची. स्वयंपाकघराकडे बोट दाखवून पुढे जायची आणि आकाशातल्या वाचनालयापाशी थांबायची. वाफेची खोली, सिनेमाची खोली, चढायचा खेळ म्हणून भिंत, लोळायला झुले. माझे पाय जमिनीवर नव्हते हे मी कबूल करते. मलाही हाव सुटली.

आणि तुम्ही मला नुसतं फिरवलं नाहीत, विचारात घेतलंत. जावईबापू मोबाईलमध्ये गुण मांडायचे. तलावाला किती, व्यायामशाळेला किती, बागेला किती. तुझे गुण, त्यांचे गुण, आणि तिसरा रकाना माझा. एकदा तर ते म्हणाले, ‘आईंचे गुण दुप्पट धरूया, त्यांना माणसांची आणि कापडाची पारख आहे.’ मला इतकं बरं वाटलं की त्या रविवारी मी घरी जाऊन एकटीच हसत बसले. ज्या घरात राहायचंच नाही त्याला गुण द्यायला कुणी कुणाला नेतं का? तूच सांग. मी शेजारणीच्या नव्या घराला गुण द्यायला जात नाही.

कुणी मला स्पष्ट काही म्हणालं नव्हतं, हे खरं. मीही विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धतच नाही. तुझे बाबा असताना नव्हती, ते गेल्यावर तर नाहीच. तू कॉलेजला दूर जाणार हे मला तुझ्या कपड्यांची बॅग भरलेली दिसली तेव्हा कळलं. तुझं लग्न ठरतंय हे तू जावईबापूंचे शर्ट आपल्या दुकानात धुवायला आणायला लागलीस तेव्हा कळलं. मी त्या शर्टांना जास्तीची कडक इस्त्री केली, ते माझं उत्तर होतं. तुलाही ते कळलं. असंच चालत आलंय आपलं, समोरच्याने समजून घ्यायचं. तेव्हा तीन रकाने पाहून मी समजून घेतलं.

विक्रीवाल्या मुलीने मात्र विचारलं होतं. कुठल्याशा टॉवरात, गार पाण्याचे ग्लास देताना. ‘किती जण राहणार?’ तुम्ही दोघांनी माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. मीही हसले. तिने काय लिहून घेतलं कोण जाणे.

आणि आता जे लिहायचं मी सकाळपासून टाळते आहे त्यातलं पहिलं.

जुन्या गोदामांच्या बाजूची ती साधी इमारत आठव. तलाव एवढासा, व्यायामशाळेत दोनच यंत्रं, पण फ्लॅटमध्ये खोल्या तीन. त्या तिसऱ्या खोलीत मी खिडकीपाशी उभी राहिले आणि म्हणाले, ‘इथे माझं शिलाई मशीन बसेल.’ अगदी सहज म्हणाले. मागे वळले तर तू जावईबापूंकडे बघत होतीस, आणि ते शेजारच्या बाथरूममध्ये शिरून नळ उघड-बंद करून पाहायला लागले. बराच वेळ पाहत होते. त्या नळाला अजून पाणीच आलेलं नव्हतं, बबडे. इमारतीत कुठेच आलेलं नव्हतं.

मी ते बघितलं आणि डोळ्यांआड केलं. म्हटलं, पुरुष माणसं अशीच, त्यांना नळ दिसला की राहवत नाही. पण तुझा चेहरा मी पाहिला होता. तुला कळलं होतं मी काय समजून चालले आहे. त्या दिवशी कळलं होतं. एका वाक्यात मला सांगता आलं असतं, आई, तसं नाहीये. मी त्या गाडीतच रडले असते, घरी जाऊन गप्प बसले असते, आणि दोन-चार दिवसांनी दुकानात उभी राहिले असते. तू काय केलंस? गाडीत बसल्यावर मागे वळून विचारलंस, ‘मग आई, तुला तीन खोल्यांची जास्त आवडली की तलाववाली?’

आणि मी म्हणाले, तलाववाली. ही. कारण इथे पाण्यात उभं राहून करायच्या व्यायामाचा वर्ग होता, मास्तरीण येते, गुडघेवाल्या बायकांना शिकवते. डॉक्टर किती दिवस माझ्यामागे लागलेत पाण्यात व्यायाम करा म्हणून. मी म्हटलं खोल्या दोन असल्या तरी काय, एक तुमची, एक माझी, खाली सगळं जग आहे. माझे गुण दुप्पट. झालं, ठरलं. आता जावईबापू म्हणू शकतात की आईंनीच निवडली, आणि त्यांचं खोटं नाही. तिसरी खोली मीच माझ्या हाताने उडवून लावली, आणि तुम्ही दोघांनी ती उडवू दिलीत. याचा मला राग आहे. कुत्र्याचा नाही, कार्डाचा नाही. याचा.

गुरुवारी मी आले. दारात टॅक्सी थांबली, तू खाली आलीस, मिठी मारलीस, आणि मग डिकीतून एकेक पिशवी निघायला लागली तशी तुझ्या तोंडावरची रेघ बदलत गेली. ‘आई, चार रात्रींसाठी एवढं सामान?’ काउंटरवरचा पोरगाही हसला. मीही हसले, काय करणार. चार रात्री हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

वर नेऊन घर दाखवलंस. छान आहे. काचेतून खाली बघवत नाही, पण उजेड सुंदर आहे. दुसरी खोली दाखवलीस. तिथे टीव्हीच्या पडद्यासमोर बसवलेली व्यायामाची सायकल, जावईबापूंचं टेबल, आणि कोपऱ्यात कुत्र्याची गादी. खाली व्यायामशाळेत सायकलींची रांग लागली आहे, मी काचेतून पाहिली, बहुतेक रिकाम्याच असतात. तरी एक वर हवी. मी त्या खोलीत उभी राहून म्हणाले, हवेशीर आहे.

मग तू मला खाली आणलंस, हे दार उघडलंस, आणि अशा काही आनंदाने म्हणालीस की जणू मला बक्षीस लागलंय. ‘आई, हीच तर या इमारतीची गंमत आहे. पाहुण्यांसाठी वेगळी खोली. तुला तुझी मोकळीक, आम्हाला आमची. महिन्यातून चार रात्री मिळते, तू दर महिन्याला येत जा.’

मला वाटलं कुणीतरी थोबाडीत मारली. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, वा, किटलीसुद्धा आहे.

खोली चांगलीच आहे, नावं ठेवायला जागा नाही. कागदात गुंडाळलेले दोन साबण आहेत. भिंतीवर नियमांची पाटी आहे. आणि चादरी आहेत. चादरींबद्दल मला लिहू दे, कारण तेवढंच एक मला येतं. स्टेशनजवळच्या लॉजच्या चादरी आपल्याकडे धुवायला यायच्या, तुला त्यांच्या ढिगावर झोपायला आवडायचं, अजून गरम असायच्या. घरगुती गिऱ्हाइकांच्या चादरी वेगळ्या. त्यांच्याबरोबर माणूस यायचा, सांगायचा, इथे मुलाने शाई सांडली आहे, हा डाग राहिला तरी चालेल, ही आजीची आहे जपून. प्रत्येक चादर मी ओळखायचे. लॉजच्या चादरी एकत्र उकळायच्या, एकत्र पांढऱ्या करायच्या, कोपऱ्यावर शिक्का, घडी घालायची ती अशी की एका झटक्यात पलंगावर उलगडावी. कोण झोपलं, का झोपलं, कुणाला काही देणंघेणं नाही. परवा या पलंगावर पडले आणि उशीखाली हात गेला तर कोपऱ्यावर शिक्का लागला बोटाला. मी उठून बसले. जन्मभर धुतल्या त्या चादरींवर माझ्या मुलीने मला झोपवलं होतं. तुझ्याकडे कपाटात मी दिलेल्या फुलांच्या चादरी आहेत. त्यातली एक आणून अंथरली असतीस तर कदाचित हे पत्र इतकं लांबलं नसतं.

आता सकाळचं. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मी पोहण्याचा पोशाख घेतला होता. हो. या वयात. दोन महिन्यांपूर्वी, बाजारात जाऊन, दुकानातल्या मुलीला नातीसाठी हवा म्हणून सांगून. मग माप माझं सांगितल्यावर ती गालात हसली. गुडघ्यापर्यंत पायांचा, निळा. तो मी सामानात सगळ्यात वर ठेवला होता. आज सकाळी तो घातला, वर खोलीत टांगलेला तो पांढरा पंच्यासारखा झगा चढवला, आणि गेले. तलाव माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर. पाण्यात बायका उभ्या होत्या, माझ्यासारख्याच, दंडावरची कातडी लोंबणाऱ्या, आणि मास्तरीण काठावरून हात वर करून दाखवत होती. त्यातली एक मला म्हणाली, या ना. मी झगा काढला.

तेवढ्यात तिथली देखरेख करणारी बाई आली. चांगली होती बोलायला. म्हणाली, ‘मावशी, पाहुण्यांबरोबर रहिवासी लागतो. घरातलं कुणीतरी बोलवा, मग लगेच उतरा.’

मी तिच्या फोनवरून तुला फोन केला. तू म्हणालीस, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बघू. मी जावईबापूंना केला, त्यांनी उचलला नाही. मी झगा परत घातला आणि काठावरच्या खुर्चीवर बसले, म्हटलं करतील उलटा फोन. पाण्यातल्या बायका आधी माझ्याकडे बघून हसत होत्या, नंतर बघायच्या बंद झाल्या. मग काचेपलीकडे जावईबापू दिसले. कानात ते फोनचं बोंडूक, हातात पट्टा. कुत्र्याला धुवायला आणलं होतं. त्यांनी मला बघितलं, हात हलवला, आणि आत गेले. काय करणार ते तरी, त्यांना काय माहीत मी तिथे कशाला बसले आहे. ते बाहेर आले तेव्हा कुत्रा न्हाऊन माखून चकचकीत झाला होता आणि मी निळ्या पोशाखात कोरडी. वर्ग संपला. बायका निघून गेल्या. मी खोलीत आले आणि पोशाख घडी घालून पिशवीच्या तळाशी टाकला.

तिथेच मी ठरवलं की आता समजून घेणं बस झालं.

दुसरं जे टाळते आहे ते हे. नीट वाच, दोनदा लिहिणार नाही.

मला परत जायला जागा नाही.

दुकान मी दिलं. मागच्या आपल्या राहत्या दोन खोल्यांसकट. इस्त्रीवालीला दिलं, रीतसर, जागेच्या मालकाच्या सहीने, बुधवारी. तिचं कुटुंब त्याच संध्याकाळी राहायला आलं. मी कुणालाच, तुलाही, सांगितलं नाही, कारण मला वाटलं इथे येऊन सांगेन आणि तू खूश होशील. की आई सगळं आवरून आली, मागे काही ठेवलं नाही. त्या सगळ्या पिशव्या त्याच होत्या, बबडे. तू ज्याला सामान म्हणालीस तेवढंच माझं घर आहे. शिलाई मशीन खालच्या सामानाच्या खोलीत आहे, काउंटरवरच्या पोराने त्यावर चिठ्ठी लावली आहे.

म्हणशील, वेडी आहेस का, विचारायचं तरी आधी. वेडी आहेच. पण हा वेडेपणा माझा एकटीचा नाही. तो आपल्या घरचा आहे. तुझी बाजू मी समजते. तुमचं घर तुमच्या कमाईचं, माझा त्यात छदाम नाही, हे मीच सांगते म्हणजे तुला सांगावं लागणार नाही. तुम्हाला दोघांनाच राहायचं असेल तर त्यात पाप नाही. मी तुझ्या बाबांच्या आईजवळ राहिले आहे, मला माहीत आहे एका छताखाली काय होतं. राहू द्यायचं नाही, याचा मला राग नाही, किंवा आहे, पण तो गिळता येण्यासारखा आहे. वर्षभर मला नटवून, मोटारीत बसवून, गुण विचारून, शेवटी या इमारतीत माझी सोयसुद्धा वाफेच्या खोलीसारखी, झुल्यांसारखी एक सोय म्हणून काढलीत, तो राग गिळता येत नाही. आई कुठे ठेवायची हा प्रश्न तुम्हाला पडला होता ना? मग तो बिल्डरने सोडवला. तुम्हाला तोंड उघडावंच लागलं नाही.

आत्ता हे लिहिताना इस्त्रीवालीचा फोन आला होता. बॉयलरचा खटका कुठल्या बाजूला फिरवायचा ते विचारत होती. मागे तिच्या सासूचा खोकला ऐकू येत होता. सासूची खाट कुठे टाकली विचारलं, तर म्हणाली, ‘तुमची होती तिथेच, खिडकीखाली. त्यांची खाट आधी लावली, मग आम्ही कसं झोपायचं ते बघितलं.’ मग म्हणाली, ‘बाई, तुमची खोली कशी आहे? वरून सगळं दिसतं ना?’ मी म्हटलं, दिसतं. दुसऱ्या मजल्यावरून गाड्या ठेवायची जागा दिसते, तेही काही खोटं नाही.

तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बाई परत या, आम्ही सरकून झोपू. म्हणूनच सांगितलं नाही. तिला मी सरकायला लावणार नाही. सोमवारी सकाळी इथली चादर बदलायला येतील तेव्हा मला कुठेतरी जावं लागेल. भाड्याने एक खोली मिळेल, हात अजून चालतात, लॉजच्या एखाद्या धुलाईत कामही मिळेल. मी उपाशी मरणार नाही, तेव्हा माझ्या काळजीने काही करू नकोस. काळजी करून मला वर नेलंस तर मी येणार नाही.

पण जायच्या आधी मी विचारणार आहे. आपल्या घरात आजवर कुणी कुणाला विचारलं नाही, तर मी विचारते. बबडे, तुझ्या घरात मला राहायला जागा आहे का? त्या सायकलीच्या खोलीत, त्या केसाळाच्या शेजारी चालेल, पण रोजची, महिन्यातून चार रात्री नाही.

जावईबापूंशी बोल. आज बोल, उद्या बोल. मग खाली ये आणि माझ्यासमोर बसून उत्तर दे. ‘बघू’ म्हणू नकोस, वर्षभर बघितलंय आपण. ‘हो’ असेल तर मनापासून असू दे. आणि ‘नाही’ असेल तर ‘नाही’ म्हण, मी ऐकून घेईन. पण ते ‘नाही’ मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, या भिंतीवरच्या पाटीवरून नाही.

तुझी,
आई
मुक्काम सोमवार सकाळपर्यंत